फिंचला माहेरी नेलं तेव्हा

आमच्या लेकीनं पहिलं बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलं आणि तसं मला फोनवर सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तिला तेव्हा सातवा लागला होता. मी चंद्रपूरजवळच्या घुग्घुसमधल्या आमच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली होती, खिडकीत नवा कूलर बसवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची अकरा दुपटी शिवली होती. डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा सगळं डब्यांत भरून वर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. शेगडी दुरुस्त करून आणली होती. आणि ही म्हणते, "आई, तिकडे किती धूळ असते गं! त्यात जूनपर्यंत तो उन्हाळा. आमच्या डॉक्टरसुद्धा नको म्हणाल्या."

धूळ असते म्हणे. या बाईसाहेब त्याच धुळीत रांगल्या. कोळशाच्या ट्रकांमागून सायकल हाणत शाळेत गेल्या. नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, आणि तोच रुमाल धुऊन दुसऱ्या दिवशी खिशात. पुण्यात सात वर्षं काढल्यावर त्यांच्या नाकाला एकदम धूळ समजायला लागली. लग्नाआधी 'मले भूक लागली' म्हणायची, आता 'मला ॲक्च्युअली भूकच नाहीये' म्हणते.

मला आयुष्याकडे फार काही मागायचं राहिलं नव्हतं. एकच गोष्ट हवी होती. माझं बाळंतपण माझ्या आईनं केलं, आईचं तिच्या आईनं. तसं लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या घरात, माझ्या हातानं व्हावं, एवढंच. फोनवर मी 'बरं' म्हणाले. फोन ठेवल्यावर तिच्या बापाला वाट्टेल ते बोलले, कारण तो समोर बसला होता.

तिचा बाप, म्हणजे आमचे हे, कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिल्या वर्षी यांनी घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, न गळणाऱ्यांचेसुद्धा. दुसऱ्या वर्षी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. ससे पाळणाऱ्यांचे पाहिले, मधमाश्यांचे पाहिले, घरातल्या टाकीत मासे वाढवणाऱ्याचे तर जेवताना पाहिले. मी देवाजवळ एवढंच म्हणत होते की यांना शहामृग न दिसो.

लेकीच्या फोननंतर आठ-दहा दिवसांनी, एप्रिलच्या सुरुवातीला, हे राजुऱ्याहून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. खोक्याला भोकं पाडलेली होती आणि आतून कोणी तरी रबरी खेळणं दाबत असल्यासारखा आवाज येत होता.

"काय आणलं?" मी विचारलं.

"फिंच. झेब्रा फिंच. ऑस्ट्रेलियाचे पाखरं हायेत."

"ऑस्ट्रेलियाचे पाखरं राजुऱ्याले काय करून राह्यले होते?"

राजुऱ्याला यांच्या ओळखीचा एक शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत तो ही पाखरं वाढवायचा. त्याच्याकडची एक नर-मादीची जोडी यांनी उचलली होती. चिमणीहून लहान, राखाडी. नराच्या गालांवर नारिंगी ठिपके, रंगपंचमीला कोणी तरी धरून लावल्यासारखे. मादी साधी, फक्त चोच नारिंगी. आम्हां बायकांना देवानं इथंही थोडक्यात आटपलं होतं.

आमच्या जिल्ह्यात कोणी पाखरू पाळलं की पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. शेजारीण कुंपणावरून म्हणालीच, "काकू, हे चालते काय? जंगलवाले धरून नेतील ना काकाले." इथं वाघ गावात शिरला तर लोक तीन तास गच्चीवरून पाहतात, पण मुनिया पिंजऱ्यात ठेवली तर माणूस आत जातो, हे सगळ्यांना पाठ. यांनी मास्तरकडून चिठ्ठी लिहून आणली की ही पाखरं परदेशी जातीची असून पाळायला मोकळी आहेत. ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिंजऱ्यावर लावली. डंपरला परमिट लावतात तशी.

पिंजरा म्हटलेलं मात्र यांना चालायचं नाही. एव्हिअरी म्हणायचं. मागच्या व्हरांड्यात बुरडाला बोलावून बांबूचा सांगाडा उभा केला, डोक्याएवढा उंच, आत माणूस उभा राहील असा. दोन पाखरांना. आमचं लग्न झालं तेव्हा आम्हांला मिळालेलं क्वार्टर याहून फार मोठं नव्हतं. सांगाड्यावर यांनी घरात पडलेली कोंबड्यांची जाळी ठोकली आणि मोठ्या थाटात खोकं उघडलं. दोन्ही पाखरं एका भोकातून आत गेली आणि जाळीच्या दुसऱ्या भोकातून बाहेर आली. शेजारणीनं बाजेवर सरगुंडे, म्हणजे कणकेच्या जाड शेवया, वाळत घातले होते, तिथं जाऊन बसली. मग हे टोपलं घेऊन, शेजारीण ओरडत, मी हसत, अशी आमची वरात तासभर चालली. पाखरं सापडली. सरगुंडे गेले. दुसऱ्या दिवशी बारीक जाळी आली.

मी त्या पाखरांकडे ढुंकूनही पाहत नव्हते. मला माझं दुःख पुरेसं होतं. कॉलनीतल्या बायका रोज संध्याकाळी फिरायला निघाल्या की दारात थांबायच्या. "काऊन काकू, कधी येऊन राह्यली लेक?" त्यांना माहीत होतं ती येत नाही. तरी विचारायच्या, आणि मी सांगितलं की 'अस्सं काय' म्हणून एकमेकींकडे पाहायच्या. जिची लेक बाळंतपणाला माहेरी येत नाही तिच्या घरात काही तरी बिनसलेलं असतं, असं आमच्याकडे सगळ्यांना न सांगता कळतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या बाबतीत तेच म्हणत आले होते.

एक दिवस मागच्या खोलीतला तो रिकामा कूलर पाहून मला भडभडून आलं. मी यांना म्हटलं, "काढा तो तिथून. मले पाहवत नाई." यांनी लगेच पाना आणला. कूलर काढला आणि उचलून व्हरांड्यात नेऊन एव्हिअरीच्या तोंडाशी लावला. लेकीचा कूलर पाखरांना. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. हे पाखरांशी बोलायचे, त्यामुळे यांचं काही अडलं नाही.

पण त्या कूलरनं भलतंच केलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले, आणि आत ओला गार वारा. चार-पाच दिवसांत नर चोचीत नारळाच्या काथ्याचा एकेक तंतू धरून नाचायला लागला. यांनी मास्तरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"अरे भाऊ, त्याईच्या मुलखात पाणी पडलं का अंडे टाकते ते," मास्तर म्हणाला. "तुम्ही थंडी हवा लावली, ओल केली. त्याईले वाटलं, बारिश आली. आता मातीचं मडकं टांगा, अन् काडी-काथ्या द्या. धागा देऊ नका, पाय अटकते. अन् अंडे टाकले का हात लावू नका. बस."

हात लावू नका, हे त्यानं मराठीत आणि हिंदीत मिळून तीनदा सांगितलं. मी ऐकलं. तेव्हा मला वाटलं, ते यांना सांगतोय.

मडक्यात पहिलं अंडं दिसलं त्या दिवशी माझा राग कुठं गेला मला कळलंच नाही. पाच दिवसांत पाच अंडी झाली. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, पांढरी. मादी मडक्यात बसली, नुसती चोच बाहेर. मी स्टुलावर चढून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं माय, पहिलटकरीण तू!" आणि मग मी सुटले.

काय काय केलं ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगते. खारकेची पूड करून त्यांच्या दाण्यात, राळ्यात, मिसळली. अंड्याच्या टरफलांची भुकटी द्यायला मास्तरनंच सांगितलं होतं, ती दिली, वर मेथीची पूड माझ्याकडून. मडकं आतून खरखरीत वाटलं म्हणून सावरीचा कापूस आणून रोज थोडा थोडा ठेवला. पाखरं तो ओढून आत न्यायची, आणि मला वाटायचं, आवडला. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि चहानंतर एकदा मडकं खाली काढून अंडी मोजायचे. जणू कोणी चोरून नेणार होतं. आणि नवव्या दिवशी मी शेगडीवर ओव्याची धुरी केली. बाळंतिणीला देतात तशी, घमेल्यात निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा. घमेलं एव्हिअरीत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

हे आंघोळ करून बाहेर आले तर व्हरांड्यात धूर. दोन्ही पाखरं जाळीला चिकटून, पंख पसरून.

"काय करून राह्यली तू!"

"धुरी देऊन राह्यली. बाळंतीण हाये ना ते."

यांनी टॉवेलवरच आत जाऊन घमेलं बाहेर फेकलं. पाखरं वाचली, पण अंड्यांवर पुन्हा बसली नाहीत, नुसता कापूस मडक्यात ओढत राहिली. दोन दिवसांनी यांनी मडकं उतरवून पाहिलं तर अंडी दिसेनात. माझा सगळा कापूस त्यांनी अंड्यांवरच रचला होता. अंडी खाली गाडली गेली होती, थंड. आपल्या अंड्यांवर आपणच घर बांधायचं, एवढी अक्कल त्या पाखरांना होती. मला तेव्हा पाखरांचं हसू आलं. कापूस कोणी दिला हे आठवलं नाही.

मी यांच्याशी भांडले. म्हटलं, तिची सोय नाही, आधार नाही, ओळखीचं माणूस नाही. पहिलं बाळंतपण परक्या घरी झालं तर असंच होणार. हे म्हणाले, "पाखरू हाये ते."

मे महिन्याच्या मध्यावर मादी पुन्हा जड झाली. पोट खाली ओघळलेलं, चालणं सावकाश. आता माझ्या डोक्यात जे आलं ते जगात दुसऱ्या कोणाच्या आलं नसेल. आलं तर ते आमच्याच पट्ट्यातल्या बाईच्या. मी ठरवलं, हिला हिच्या माहेरी नेऊन सोडायचं. हिचा जन्म मास्तरच्या खोलीत झाला, तिची आई तिथंच असेल, बहिणी असतील. पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या लेकीला नको तर नको, हिला तरी मिळू दे. हे मी गमतीनं करत होते असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं. मी रागानं करत होते आणि अगदी मनापासून करत होते.

हे सकाळी दूध आणायला गेले तेवढ्यात मी मादीला लहान पिंजऱ्यात घातलं, वर ओलं फडकं टाकलं, पिंजरा पिशवीत ठेवला आणि चंद्रपूरची पहिली एस.टी. धरली. तिथून राजुऱ्याची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हटलं, "लेक हाये. बाळंतपणाले नेऊन राह्यली." ती बाई पुढच्या स्टॉपला उठून मागच्या सीटवर गेली.

मास्तर शाळेचे गणवेश शिवत होता. शाळा उघडायला महिना राहिलेला, खाकी चड्ड्यांचा ढीग त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेला. मी पिंजरा काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं मशीन चालूच ठेवलं होतं.

"नर कुठी हाये?" त्यानं विचारलं.

"घरी."

"घरी काऊन?"

"बाळंतपणात नवऱ्याचं काय काम, भाऊ?"

त्यानं मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची ओढून बसले.

"भाभी, तुम्ही जोडी तोडली ना," तो म्हणाला. "अर्धा टाइम नर बसते अंड्यावर. हे उठली का तो बसते, तो उठला का हे. पिल्लाले दोघं चारते. तिची माय नाई येत इथी तिच्याजवळ. माय तिले वळखत बी नाई आता. तिले काय पाह्यजे? तिचा नर पाह्यजे."

मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं. तो म्हणाला, "तुमच्यात नसन. हे पाखरू हाये."

त्यानं मादीला एका कोपऱ्यात ठेवलं. आजूबाजूला तिच्या नात्यातली वीस-पंचवीस पाखरं असतील. एकानंही तिच्याकडे मान वळवली नाही. ती मात्र एकसारखी हाक मारत होती, थांबायची, ऐकायची, पुन्हा हाक. मी तिथं असतानाच तिनं पिंजऱ्याच्या तळाला, कागदावर, अंडं टाकलं आणि त्याच्यापासून दूर जाऊन बसली. तोवर बाहेर ऊन एवढं चढलं होतं की तिला परत बसमध्ये घालणं म्हणजे भाजणं. मास्तर म्हणाला, राहू द्या, उद्या पहाटेच्या गाडीनं न्या. मी रिकाम्या हातानं निघाले. लेकीला सासरी सोडून आल्यावर रडले नव्हते तेवढी मी वर्धा नदीच्या पुलावर रडले. कंडक्टरनं विचारलं, बाई, कोणी गेलं काय? मी मान हलवली. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

घरी पोचले तर दुपारचे चार. व्हरांड्यात यांनी खुर्ची टाकलेली, आणि नर दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन ओरडत होता. राळ्याला तोंड लावलं नव्हतं. मला वाटलं होतं, हे ओरडतील, किंवा नेहमीप्रमाणे 'पाखरू हाये ते' म्हणतील. यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "कुठी नेलं तिले?"

मी सांगितलं. माहेरी.

यांनी राळ्याची वाटी नराच्या जवळ सरकवली. मग एकतीस वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते बोलले, आणि आवाज न चढवता बोलले, त्यामुळे मला उलट बोलायला जागाच मिळाली नाही.

"पोरगी झाली तवा मी फर्स्ट शिफ्ट करून, अंगावरची धूळ बी न झटकता, तीन गाड्या बदलून तुह्या गावी आलतो. तुह्या मायनं मले ओसरीवर बसवलं. चहा देल्ला. म्हणे, बाळंतिणीच्या खोलीत मानूस जात नाई, सव्वा महिना झाला का या. मी म्हटलं, दारातून पाहतो. तर म्हणे, नजर लागते. मी चहा पेलो अन् परत आलो. पोरीचं तोंड पाह्यलं तवा ते दीड महिन्याची होती. मले पाहून रडली."

मला आठवलं. आरमोरीकडचं आमचं धानाचं गाव, ओसरीच्या आतली अंधारी खोली, शेगडीची धग. मला यांचा आवाज ऐकू आला होता. द्राक्षं आणली होती यांनी, कागदाच्या पुड्यात, आणि ती वाटेत चेंगरून रस गळत होता, असं माझ्या बहिणीनं आत येऊन सांगितलं. आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो होतो. जावई कसा भिजल्या कोंबड्यासारखा बसलाय म्हणून. मी आईला एका शब्दानं म्हणू शकले असते, की येऊ दे त्यांना. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि पुढं ही गोष्ट मी कितीदा तरी हसत हसत सांगितली, यांच्यासमोर सांगितली, लेकीलाही सांगितली. हेही हसायचे. मला वाटायचं, यांनाही गंमत वाटते.

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे नराला लहान पिंजऱ्यात घेऊन राजुऱ्याला गेले. मादीला आणायला तिच्या नवऱ्याला घेऊन जायची ही पद्धत यांनी स्वतःच काढली होती. नऊच्या आत दोघांना घेऊन आले. मास्तरच्या दुकानातच ती दोघं एकमेकांना चिकटून बसली, ती घुग्घुसपर्यंत तशीच, असं हे म्हणाले. माझ्याशी नाही, शेजारणीशी म्हणाले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

त्याच दुपारी मी लेकीला फोन केला. म्हटलं, खरं सांग, धुळीसाठीच येत नाहीस का?

ती म्हणाली, "धूळ आहेच, आई. पण त्याला पहिल्या दिवसापासून जवळ असायचंय. त्यानं रजा टाकलीये. आणि मलाही तो हवाय." मग हळूच म्हणाली, "तू ती द्राक्षांची गोष्ट सांगायचीस ना, मला लहानपणापासून बाबांची दया यायची."

पोरगी लहानपणापासून ओळखून होती. मलाच तेवढं कधी कळलं नाही.

यावेळी मला एव्हिअरीपासून पाच हातांवर उभं राहायची परवानगी होती. यांनी तिथं खडूनं रेघ मारली. अंडी झाल्याबरोबर काथ्या, काड्या, कापूस सगळं बाहेर काढलं. मी फक्त कूलरमध्ये पाणी भरायचं, दिवसातून तीनदा, आणि निघून जायचं. दोघं पाळीपाळीनं बसायची. नर आत गेला की मादी बाहेर येऊन दाणे टिपायची, पंख ताणायची. खाणीतल्या हजेरीबाबूलाही जमलं नसतं असं ते शिफ्टचं काम चाललं होतं, आणि एकानंही कधी रजा मागितली नाही. मला त्या नराचा फार राग यायचा. आधी समजेना का. मग समजलं, की मी जे काम माझं समजत होते ते तो करत होता, आणि बरं करत होता.

हात बांधून बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या तेरा दिवसांत समजलं. कणीक जास्त मळली गेली. डाळींचे डबे उगाच पालथे करून पुन्हा भरले. आणि जूनमध्ये एका सकाळी मडक्यातून बारीक, घड्याळाला चावी दिल्यासारखा आवाज आला. हे धावत मला बोलवायला आले, आणि मी रेघेवरच थांबले तर म्हणाले, "ये ना आता." मी नाही गेले. मडक्यात तीन पिल्लं आहेत हे मी यांच्या सांगण्यावरून मानलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी पुण्याहून जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मग लेक स्वतः बोलली, आवाज थकलेला. म्हणाली, "आई, एकानंच या आधी. घर लहान आहे, सासूबाईही आहेत. दोघं एकदम नको."

एकानं म्हणजे कोणी, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझी बॅग चार दिवसांपासून भरलेली होती. शेजारीण येऊन 'काकू, पुण्याहून येताना' म्हणून यादीही देऊन गेली होती. मी बॅग पलंगावर ठेवली, उघडली आणि माझी लुगडी बाहेर काढायला लागले. हे दारात उभे.

"काय करून राह्यली?"

"तुम्ही जा."

"मी? मी तिथी काय करू? मले काय समजते त्यातलं?"

"काई करू नका. पाहा फक्त. पह्यल्या आठवड्यातलं पोरगं कसं असते ते पाहा."

यांनी दोनदा नाही म्हटलं, पण तिसऱ्यांदा विचारायच्या आत शर्ट काढून इस्त्रीला बसले. निवृत्तीच्या कार्यक्रमातला तो शर्ट, कॉलर अजून कडक. बल्लारशाहून गाडी होती. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले तर कॉलनीतल्या दोघी उभ्या होत्या. "काऊन काकू, तुम्ही नाई गेल्या? बाळंतपणाले बापाले पाठवलं?" मी म्हटलं, "हो, पाठवलं." त्यांच्याकडे यापुढचा प्रश्न नव्हता, आणि माझ्याकडे असला तरी मी त्यांना दिला नसता. घरी येऊन मात्र मी दार लावून रडले. मला जायचं होतं. ते बाळ मला हातात घ्यायचं होतं, त्याच्या टाळूला तेल लावायचं होतं, आणि मी स्वतःच्या हातानं ते दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. चांगुलपणा केल्यावर बरं वाटतं असं जे सांगतात त्यांनी बहुतेक कधी केलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यांचा व्हिडिओ कॉल आला. यांचं अर्धं कपाळ दिसलं, मग एक भिंत, मग जावयाचा आवाज, "बाबा, असं धरा, मानेखाली हात घ्या." यांनी दोन्ही हात मोकळे करायला फोन पलंगावर ठेवला. त्यानंतर मला फक्त त्या खोलीचं छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. मी म्हटलं, अहो, फोन इकडं करा. कोणी ऐकलं नाही. मला बाळाचा एक आवाज आला, मग यांचं हसणं.  मग हे तिला काही तरी सांगायला लागले, हळू आवाजात, आमच्या बोलीत, की तुह्या आईले पाहाले मले लय उशीर झाला होता बाप्पा, तुले पाहाले नाई झाला.

मी तो पंखा अर्धा तास पाहिला. फोन ठेवला नाही.